गप्प बसलेलं जनुक

सोनकच्छच्या बाजारात कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन मिरगीची गोळी मागा. दुकानदाराला फार शोधावं लागत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएटची पाकिटं हाताशीच असतात, कारण घेणारे दर महिन्याला येतात. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, स्वस्त आहे आणि देवास जिल्ह्यातल्या, काली सिंधच्या काठावरच्या या तहसीलच्या गावापर्यंत बिनबोभाट पोचलेलं आहे. याचं मूळ आम्ल १८८२ मध्ये बर्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं बनवलं. पुढची ऐंशी वर्षं ते दुसरे पदार्थ विरघळवण्याच्या कामी येत होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार काही नवी संयुगं त्यात विरघळवून तपासत होता. प्रत्येक संयुगानं झटके थांबताना दिसले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की गुण संयुगांचा नव्हे, द्रावकाचा आहे. मग २००१ मध्ये प्रयोगशाळांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हेच औषध पेशीच्या केंद्रकात शिरून हिस्टोन डीअॅसिटिलेज नावाच्या विकरांना अडवतं.

म्हणजे जनुकांच्या वाचनावर हात ठेवणारं औषध आपल्या तहसीलच्या गावात कित्येक वर्षांपासून विकलं जातं आहे. आनुवंशिक मेंदूविकारांवर या जातीच्या औषधांचा उपयोग होईल का, हा प्रश्न त्यामुळे मला बोस्टन किंवा लंडनपुरता वाटत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्या आनुवंशिक रोगात जनुकाची अक्षरं शाबूत आहेत आणि जनुक फक्त गप्प बसलं आहे, तिथं या औषधांवर अजून पैसा, वेळ आणि बुद्धी खर्च करणं योग्य आहे. जिथं अक्षरंच विषारी झाली आहेत, तिथं त्यांच्यावर मोठी आशा बांधू नये. आजवर या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली.

एका पेशीतला डीएनए उलगडून ताणला तर दोनेक मीटर भरतो. तो केंद्रकात मावतो, कारण दोरा रिळावर गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. जिथं गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक वाचता येत नाही; जिथं सैल, तिथलं वाचता येतं. काही विकरं हिस्टोनच्या शेपटीवर अॅसिटिलचे छोटे गट चिकटवतात आणि गुंडाळी सैल होते. दुसरी काही ते गट खुडून काढतात आणि गुंडाळी आवळते. व्हिन्सेंट ऑलफ्रीनं १९६४ मध्ये या गटांचा आणि जनुकाच्या वाचनाचा संबंध सुचवला, पण तो प्रत्यक्ष घडवणारी विकरं हाती लागायला १९९६ साल उजाडलं. माणसात खुडणारी विकरं, म्हणजेच वर आलेली हिस्टोन डीअॅसिटिलेज, अठरा प्रकारची आहेत. त्यांना अडवलं की गट टिकून राहतात, गुंडाळी सैल राहते आणि गप्प बसलेलं जनुक बोलू शकतं. अक्षर एकही बदलत नाही.

फ्रीडरिख अॅटॅक्सिया हा या विचाराला सर्वांत नेमका लागू पडणारा रोग. हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रीडरिखनं १८६३ पासून त्याचं वर्णन केलं. चांगलं धावणारं मूल दहा-बारा वर्षांचं होईतो अडखळायला लागतं. अंधारात तोल जातो, अक्षर बिघडतं, जीभ जड होते, पाठीचा कणा वाकतो, पुढं हृदयाचा स्नायू जाड होतो. काही वर्षांत चाकाची खुर्ची येते. बुद्धी मात्र लख्ख राहते, आणि आईबापांना सगळ्यांत जास्त तेच जाळतं. कारण १९९६ मध्ये सापडलं. नवव्या गुणसूत्रावरच्या फ्रॅटॅक्सिन जनुकात जीएए ही तीन अक्षरं निरोगी माणसात मोजकी वेळा येतात. रुग्णात ती शेकडो वेळा, कधी हजाराच्याही पुढे, पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. पण ती जनुकाच्या अशा भागात असतात की तयार होणाऱ्या प्रथिनात त्यांचा मागमूस नसतो. प्रथिन तयार झालं तर ते अगदी ठाकठीक असतं. अडचण ही की त्या लांबलचक पुनरुक्तीभोवती गुंडाळी आवळली जाते आणि जनुक फारच कमी वाचलं जातं.

रोग व्हायला आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, अशा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. देवासकरांना हे चटकन कळेल. १९४८ पर्यंत एकाच देवासवर पवारांच्या दोन पात्या राज्य करत होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकच गाव, पण दरबार दोन. एका पातीचं दफ्तर बंद पडलं तरी दुसरीचं चालू असेल तर लोकांची कामं अडत नाहीत. फ्रॅटॅक्सिनचं तसंच आहे. निम्म्या प्रथिनावर शरीर भागवतं, म्हणून आईबाप धडधाकट असतात आणि त्यांना आपल्याजवळ काय आहे याचा पत्ता नसतो. दोन्ही दफ्तरांना कुलूप लागलेलं मूल जन्मतं तेव्हा घर हादरतं. मग पत्रिका काढल्या जातात, सुनेच्या माहेराकडे बोट दाखवलं जातं. वास्तविक कुलूप दोन्ही घराण्यांतून आलेलं असतं.

हे कुलूप आहे, कागद फाटलेला नाही, हे ओळखून कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या जोएल गॉट्सफेल्ड यांच्या गटानं खुडणाऱ्या विकरांना अडवणारी संयुगं रुग्णांच्या रक्तपेशींवर घालून पाहिली. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की एका विशिष्ट घडणीच्या संयुगानं फ्रॅटॅक्सिनचं वाचन वाढतं. त्यातून पुढे आलेलं एक औषध इटलीत थोड्या रुग्णांना दिलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रक्तपेशींत जनुकाचा आवाज वाढलेला दिसला. त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, फार मोठ्या मात्रेत देऊन फ्रॅटॅक्सिन प्रथिन वाढल्याचं दाखवलं. निकोटिनामाइडही याच विकरांपैकी एका शाखेला अडवतं. रुग्ण मात्र त्या काळात बरे चालू लागले नाहीत. इटलीत वापरलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नव्हतं आणि शरीरात त्याचे घातक ठरू शकतील असे तुकडे होत होते, म्हणून वर्षानुवर्षं घेण्याजोगं ते नव्हतं.

इथं पुष्कळ जण म्हणतात, झालं, विषय संपला. मला तो इथं सुरू होतो असं वाटतं, आणि त्याचं कारण देवासच्याच इतिहासात आहे.

१९४८च्या सुमारास कुमार गंधर्व क्षय घेऊन माळव्याच्या कोरड्या हवेत, देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. वयाच्या विशीत देशभर नाव झालेला गवई पाच-सहा वर्षं अंथरुणावर गप्प पडून राहिला. तो काळ असा होता की ज्या घरात क्षय त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. युरोपातही क्षय घराण्यातून येतो असा डॉक्टरांचा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा जंतू दाखवला. बर्टननं व्हॅल्प्रोइक आम्ल बनवलं तेही याच वर्षी. जंतू सापडला म्हणून रुग्ण लगेच बरा झाला नाही. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं, आणि ते देवासच्या त्या खोलीपर्यंत पोचायला आणखी काही वर्षं गेली. एक फुफ्फुस निकामी झालं होतं. तरीही १९५३च्या सुमारास कुमारजी पुन्हा गायला बसले, आणि पुढं जे गायले ते आपल्या सगळ्यांचं आहे. गळा गेला नव्हता, गाणं अडलं होतं. कॉखच्या शोधानंतर वीस वर्षांनी कुणी म्हटलं असतं की जंतू कळूनही काही हाती लागलं नाही, तर त्याला खोटं पाडायला माणूस मिळाला नसता. फ्रॅटॅक्सिनचं कुलूप सैल होऊ शकतं हे २००६ मध्ये दिसल्याला अजून साधारण तेवढाच काळ झाला आहे.

हंटिंग्टनच्या रोगाची गोष्ट वेगळी आहे. जॉर्ज हंटिंग्टननं १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं. साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हातपाय आपोआप उडू लागतात, स्वभाव पालटतो, बुद्धी मंदावते. आपल्याकडे असा माणूस दिसला की पहिला तर्क दारूचा होतो, दुसरा बाधेचा. तोवर त्याची मुलं झालेली असतात आणि प्रत्येक मुलाला रोग येण्याची शक्यता निम्मी असते. इथं एकच बिघडलेली प्रत पुरते. १९९३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जनुक सापडलं. त्यात सीएजी ही अक्षरं ३६ किंवा अधिक वेळा आली तर धोका, ४० किंवा अधिक वेळा आली तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग होतोच. इथं पुनरुक्ती प्रथिनाच्या आत उतरते. प्रथिनच विषारी होतं. ते सीबीपी नावाच्या अॅसिटिल चिकटवणाऱ्या विकराला धरून बसतं, गट कमी पडतात आणि शेकडो जनुकांची गुंडाळी आवळली जाते.

चिकटवणारा अडकला आहे, तर खुडणाऱ्याला अडवू, म्हणजे तोल सावरेल, हा तर्क सुरेख होता. २००१ मध्ये फळमाश्यांच्या डोळ्यांतल्या चेतापेशींचा ऱ्हास अशा औषधांनी थांबला. २००३ मध्ये साहा या संयुगानं हंटिंग्टनच्या उंदरांची हालचाल सुधारली. तेच साहा व्होरिनोस्टॅट या नावानं २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं. तरीही हंटिंग्टनच्या माणसांसाठी या वाटेनं औषध आलेलं नाही, आणि मला वाटतं ते रास्त आहे. विषाची विहीर तशीच ठेवून गावभर नळ दुरुस्त करत फिरण्यासारखं ते काम आहे. विष बनणं थांबवायचं तर जनुकाचा आवाज वाढवायचा नसतो, दाबायचा असतो. ती वाटही सोपी नाही. पाठीच्या मणक्यातून द्यायचं टॉमिनरसेन हे तसलं औषध मोठ्या चाचणीत २०२१ मध्ये थांबवावं लागलं. पण हंटिंग्टनसाठी योग्य दिशा तीच.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मला मान्य आहे. खुडणाऱ्या विकरांना अडवणारं औषध एकाच जनुकाचं कुलूप काढत नाही. ज्या खोलीत जाईल तिथली कुलपं सैल करतं. व्हॅल्प्रोएट हाच त्याचा पुरावा. गरोदर बाई ते घेत असेल तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष येण्याचा धोका वाढतो; त्याचं एक संभाव्य कारण असं की गर्भात कुठलं दार कधी बंद व्हायचं हे ठरलेलं असतं. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणाऱ्या एसएमए या लहान मुलांच्या रोगात याच व्हॅल्प्रोएटची परीक्षा झाली. तिथंही एक राखीव जनुक असतं, एसएमएन-२, पण त्याच्या वाचनातून बनणाऱ्या प्रतीतला एक तुकडा बहुधा गळतो आणि पुरेसं प्रथिन बनत नाही. काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये व्हॅल्प्रोएटनं आवाज वाढवला. मुलांच्या अंगात ताकद आली नाही. फेनिलब्युटिरेट या भावंड औषधाचंही तेच झालं.

पण पुढं काय झालं ते पाहा. त्याच एसएमएन-२ जनुकाकडून जास्त प्रथिन मिळवण्याचा हेतू कुणी सोडला नाही. हत्यार बदललं. २०१६ मध्ये नुसिनरसेन आलं, २०२० मध्ये तोंडानं घ्यायचं रिसडिप्लाम आलं, आणि जी मुलं बसूही शकली नसती ती बसू लागली. निशाण बरोबर होतं, दगड बोथट होता. फ्रीडरिखच्या बाबतीत आपण आज त्या बोथट दगडाच्या टप्प्यावर आहोत. अठरांपैकी नेमकं कुठलं विकर फ्रॅटॅक्सिनच्या दारावर बसलं आहे हे शोधून फक्त त्यालाच अडवणारं, मेंदूत पोचणारं, वर्षानुवर्षं सोसवेल असं संयुग हवं. हे रसायनशास्त्राचं काम आहे, आणि रसायनशास्त्रात आपला देश मागे नाही.

आणखी एक आठवण ठेवायला हवी, आणि ती कटू आहे. फेनिलब्युटिरेट आणि टॉरउर्सोडायॉल यांचं मिश्रण अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये एएलएस या स्नायू लुळे करणाऱ्या चेतापेशींच्या रोगासाठी मंजूर झालं, १३७ रुग्णांच्या छोट्या चाचणीच्या आधारावर. वर्षाची किंमत दीड लाख डॉलरच्या वर. मग ६६४ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि औषधात आणि प्लासिबोत, म्हणजे गुण नसलेल्या नकली औषधात, फरक निघाला नाही. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं ते बाजारातून काढून घेतलं. दीड वर्ष लोकांनी घरदार गहाण टाकावं अशा किमतीची आशा घेतली. आजारी माणसाच्या घाईला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही घाई केली असती. म्हणूनच घाई न करण्याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्यांवर येते.

आपल्याकडची घाई निराळ्या रूपात येते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये तपस कुंडू यांच्या गटानं २००३-०४ मध्ये दाखवलं की काजूच्या टरफलातल्या तेलातलं अॅनाकार्डिक आम्ल, कोकमातलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन ही द्रव्यं अॅसिटिल चिकटवणाऱ्या विकराला अडवतात. कोकम, काजू, हळद! आपल्या स्वयंपाकघरातली ही नावं वाचून मराठी माणसाचा ऊर भरून येणार, आणि उद्या कुणीतरी मेंदूच्या रोगावर कोकमाचा अर्क विकणार. नीट वाचा. त्या प्रयोगांत ही द्रव्यं चिकटवणाऱ्याला अडवताना दिसली, खुडणाऱ्याला नाही. फ्रीडरिखमध्ये जे हवं त्याच्या बरोबर उलट दिशेला. पेशीच्या केंद्रकात दिशा चुकली तर औषधाचं विष होतं. याच गटानं पुढं उलट कामाचं, चिकटवणाऱ्याला चेतवणारं, टीटीके-२१ नावाचं संयुग बनवलं. ते कार्बनच्या सूक्ष्म गोळ्यांवर चढवल्यावर उंदरांच्या मेंदूत पोचलं, नव्या चेतापेशींच्या वाढीला आणि स्मृतीला त्यानं मदत केली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. भारतातल्या प्रयोगशाळेतून निघालेलं आणि मेंदूचा अडसर ओलांडणारं हे काम आहे. अभिमान बाळगायचा तर याचा.

मग जनुकोपचार येत असताना गोळ्यांच्या मागे का लागायचं? कारण सोनकच्छ. ज्या उपचाराला कवटीला छिद्र पाडून विषाणू सोडावा लागतो, ज्याची किंमत कोटींत असते, तो या गावात मेंदूविकारानं गाठलेल्या पोरापर्यंत कुठल्या वर्षी पोचेल? गोळी मात्र पोचते. रिसडिप्लामची बाटली भारतात सहा लाखांच्या आसपास विकली जात होती. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवण्यापासून रोखायला नकार दिला आणि तिनं बाटलीची किंमत १५,९०० रुपये ठेवली. लहान रेणू असेल तरच हे शक्य होतं. कारखान्यात बनवता येतो, नक्कल करता येते, पाकिटात घालून बसनं पाठवता येतो. देवासच्या औद्योगिक भागात औषधांचा मोठा कारखाना कित्येक वर्षं चालू आहे. तिथून सोनकच्छ तीसेक किलोमीटर. दुर्मीळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणात एका रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आयुष्यभराच्या उपचाराला ती पुरत नाही हे एसएमएच्या आईबापांनी न्यायालयांच्या पायऱ्या चढून शिकून घेतलं आहे.

शिवाय काही रोग असे आहेत की ते आपणच शोधले नाहीत तर कुणी शोधणार नाही. एससीए-१२ हा हात आणि मान थरथरण्यापासून सुरू होणारा अॅटॅक्सिया १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका जर्मन वंशाच्या घराण्यात सापडला. जगात इतरत्र तो विरळा. उत्तर भारतात, विशेषतः अगरवाल समाजात, तो एका समान पूर्वजापासून पसरलेला आढळला, हे दिल्लीच्या एम्स आणि आयजीआयबी या संस्थांनी दाखवलं. त्यातही पुनरुक्ती प्रथिनाच्या आत नसून जनुकाच्या सुरुवातीच्या भागात आहे. हा वाचनाच्या नियंत्रणाचा प्रश्न असू शकतो, आणि असेल तर तो याच औषधांच्या कक्षेत येऊ शकतो. परदेशी कंपनीला त्यात बाजार दिसणार नाही. पुण्याच्या आयसरमध्ये एपिजेनेटिक्सची परंपरा आहे, बंगळुरूत वर सांगितलेलं रसायन आहे, दिल्लीत रुग्णांची नोंद आहे. ही तीन टोकं एकत्र आणायला कुणाची परवानगी लागते?

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, मग उशिरा औषध देऊन काय साधणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. २००० मध्ये हंटिंग्टनचे उंदीर असे बनवले गेले की त्यांचं विषारी जनुक हवं तेव्हा बंद करता येईल. लक्षणं दिसू लागल्यावर ते बंद केलं, तर पेशींतल्या गाठी विरघळल्या आणि हालचाल सुधारली. पेशी मरण्याआधी पुष्कळ दिवस आजारी असते. त्या दिवसांत तिच्यापर्यंत पोचायचं असतं.

आणि पोचायचं तर रुग्ण कोण हे आधी कळायला हवं. सगळ्यांत जास्त काम इथं बाकी आहे, आणि त्यासाठी नवं औषध लागत नाही. समजा, सोनकच्छच्या एखाद्या घरात अकरा वर्षांची मुलगी अडखळते आहे. तिला इंदूरला नेतात, एक महागडी जनुकचाचणी होते, अहवालात काही सापडलं नाही असं येतं आणि घर निःश्वास टाकतं. पण नेहमीच्या एक्सोम चाचणीत, म्हणजे जनुकांचे प्रथिन घडवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीत, अक्षरांच्या लांब पुनरुक्त्या बहुधा निसटतात. फ्रीडरिखसाठी, हंटिंग्टनसाठी, एससीएसाठी वेगळी, नेमकी चाचणी मागावी लागते, आणि ती एक्सोमपेक्षा साधी आहे. मागणारा डॉक्टर मात्र हवा. भोपाळचं एम्स दुर्मीळ रोगांच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे, मुंबईचं के.ई.एम. आहे. इंदूर-भोपाळ रस्ता सोनकच्छमधून जातो. या रस्त्यावरच्या प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात भिंतीवर एक कागद लागावा. अंधारात तोल जाणारं मूल, पायाची कमान उंच झालेलं मूल, कणा वाकू लागलेलं मूल दिसलं तर जांभळ्या बुचाच्या नळीत थोडं रक्त घ्या, कुठं पाठवायचं तो पत्ता हा, आणि नोंदवहीत नाव लिहा. औषधाची चाचणी भारतात येईल तेव्हा तिला पहिल्या दिवशी हीच वही लागेल.